न उतरणारी चळत

त्सेले, रविवार, ३ फेब्रुवारी २०१३

चि. स्वान्त्ये,

तुझं पार्सल पोचलं. आभार मानायची पद्धत आहे म्हणून मानतो. आता मुद्द्याचं बोलू.

'दलदलीतल्या चेटकिणी' मी एका बैठकीत वाचून काढलं, कारण एकदा खाली ठेवलं असतं तर पुन्हा उचलवलं नसतं. आयुष्यभर पोरांना लॅटिन शिकवलं, त्यामुळे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवलेला निबंध मला वासावरून कळतो. या चेटकिणी म्हणजे गेल्या वर्षीच्या 'बर्फातल्या जोगिणीं'च्या सख्ख्या बहिणी आहेत. बर्फाच्या जागी चिखल घातलाय, बाकी सगळं तेच. आणि मध्ये ते 'तलवारी आणि ढाली' काढलंत, त्यात म्यानांवर अख्खं प्रकरण. अगं, तलवार म्यानात असते तेव्हा खेळात काही घडत नसतं, एवढं तरी तुमच्या लेखकांना कोणी सांगायला हवं होतं.

'धुक्याच्या मुलखा'ची पुस्तकं तुमचं प्रकाशन हल्ली पावसाळी छत्र्यांसारखी काढतं. या खेळाला लागतं काय? टेबलाभोवती चार डोकी, फासे, पेन्सिली आणि गोष्ट पुढे नेणारा एक सूत्रधार. नियमांचं पुस्तक एक, मुलखाचं एक, की झालं. तीन वर्षांनी एखादं नवं काढा, तेही सांगण्यासारखं काही असेल तर. आम्ही गेली चार वर्षं कावळेघाट नावाच्या एकाच गावात खेळतोय. हिनर्कचा सरदार तिथल्या पाणचक्कीच्या मालकिणीवर जीव टाकतो आणि तिनं अजून त्याला उंबरठा ओलांडू दिलेला नाही. हिनर्क जन्मभर खाटकाचं दुकान चालवत होता, पण त्याच्याकडे जेवढा धीर आहे तेवढा तुमच्या सबंध कचेरीत नसेल.

तू म्हणशील, म्हातारा घरी बसून बडबडतो. तसं नाही, माझ्याकडे पुरावा आहे. आम्ही दर रविवारी आल्मुट ग्रोटेच्या खेळांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसतो. आत जाताना मधल्या दारातून दुकानातल्या पुढच्या फडताळाकडे नजर जातेच. तिथे तुमच्या नव्या पुस्तकांची चळत उभी असते आणि ती तसूभरही उतरत नाही. या रविवारी जेवढी, पुढच्या रविवारी तेवढीच. कुत्रं विचारत नाही तुमच्या चेटकिणींना.

आल्मुटचं मात्र मानायला हवं. चर्चच्या सभागृहातून आम्हाला हाकललं, कारण म्हणे चेटूक. 'सोनेरी हरणा'तून हाकललं, कारण आम्ही एका बिअरवर संध्याकाळ काढतो. आल्मुटनं मात्र मागच्या दाराची किल्ली माझ्या हातात दिली, आणि रविवारी आम्हाला थर्मासमध्ये कॉफी आणि ताटात बटरकेक ठेवलेला मिळतो. तुझी मामी गेल्यापासून माझा आठवडा त्या खोलीवरच टांगलेला आहे. ती खोली तेवढी राहू दे, बाकी जग बुडालं तरी मला फरक पडत नाही.

तुझा मामा,
एकेहार्ट


बोखुम, १४ फेब्रुवारी

ति. मामा,

म्यानांचं प्रकरण मी लिहिलंय.

लेखकानं मजकूर कमी दिला, छापखाना दारात उभा होता आणि पानं भरायची होती. शुक्रवारी दुपारी बसले, सोमवारी सकाळी उठले, तेव्हा जगातल्या सगळ्या म्यानांची माहिती तयार होती. तुला ते भिकार वाटलं हे वाचून मला बरं वाटलं, कारण मलाही तसंच वाटतं. इथे दुसऱ्या कोणाला काही वाटतच नाही.

पण फार शेफारू नकोस. तू शेवटचं पुस्तक विकत कधी घेतलंस? मी शाळेत जायच्या आधी घेतलेल्या पुस्तकावर तू अजून खेळतोस, वर आम्हाला अक्कल शिकवतोस. तुझ्यासारख्या वाचकांवर पोट भरायचं तर आम्हाला कावळेघाटातले कावळेच खावे लागतील. मला हा खेळ तूच शिकवलास. नऊ वर्षांची होते, मी गुहेचा नकाशा काढला नाही म्हणून तू माझी पहिली राजकन्या विहिरीत बुडवलीस आणि चहा प्यायला उठलास. तेव्हापासून मला तुझा धाक आहे, पण तुझ्यावर विश्वासही आहे.

म्हणून विचारते. फोल्कमार, म्हणजे आमचा मालक, पुस्तक वाचत नाही, वजन करतो. यंदा त्याला आणखी जास्त हवीत, त्यातली निम्मी ऑक्टोबरच्या एसेनच्या खेळांच्या जत्रेआधी. गोदामातून पुस्तक दुकानात गेलं की तो खपलं असं धरतो. दुकानातून ते कोणी घरी नेतं की नाही, हे इथे एकालाही ठाऊक नाही. मार्चअखेर बैठक आहे. मला उभं राहून सांगायचंय की पुरे, श्वास घेऊ या, कमी काढू आणि नीट काढू. पण माझ्याकडे नुसता वैताग आहे आणि वैतागाला फोल्कमार भीक घालत नाही.

ती चळत खरंच उतरत नाही का? नीट बघून सांग. तुझ्या नेहमीच्या सवयीनं आधी निकाल आणि मग परीक्षा असं करू नकोस.

तुझी,
स्वान्त्ये


त्सेले, रविवार, १७ मार्च

चि. स्वान्त्ये,

परीक्षा घेतली. विद्यार्थी नापास.

तुझं पत्र आल्यापासून प्रत्येक रविवारी मी हातातली काठी त्या चळतीला लावून उभी केली. पहिल्या रविवारी काठीवर चाकूनं खूण केली. त्यानंतर आजपर्यंत चळत त्या खुणेच्या वर नाही की खाली नाही. चेटकिणी तशाच, जोगिणी तशाच, तुझी म्यानंही तशीच. वरच्या पुस्तकाच्या कोपऱ्याला बोटाचा डागसुद्धा नाही. इतकं अस्पर्श वाङ्मय मी आमच्या शाळेच्या ग्रंथालयातही पाहिलं नव्हतं.

निरीक्षणाला रविवारसारखा दिवस नाही. शटर खाली असतं, गल्ली शांत असते, कोणी मध्ये लुडबुड करत नाही. मी, हिनर्क, दातांची डॉक्टर इम्के आणि तिचा तो झोपाळू नवरा, चौघंही साक्षीदार आहोत. नवरा फक्त फासे टाकायला जागा होतो, पण तेवढ्या वेळात त्यानंही चळत पाहिली. इम्के म्हणाली, एवढं काठ्या लावण्यापेक्षा आल्मुटलाच विचारा ना. मी म्हटलं, दुकानदाराला विक्री विचारणं म्हणजे कोळणीला मासे ताजे आहेत का विचारणं. इम्केनं खांदे उडवले. दात उपटणाऱ्या माणसाला पुराव्याची किंमत नसते, त्याला फक्त सुटका हवी असते.

तर जाऊन सांग तुझ्या त्या वजनकाट्याला, की जर्मनी त्याची पुस्तकं विकत घेत नाही, फडताळं फक्त साठवतात. हवं तर माझं नाव घे. आणि जरा ताठ उभी राहा, लहानपणी पोक काढायचीस.

कावळेघाटात आज हिनर्कनं मालकिणीसाठी लाकडं फोडली. तिनं खिडकीतून पाहिलं. फार छान झाला आजचा खेळ.

तुझा मामा


बोखुम, ९ एप्रिल

ति. मामा,

जिंकलो.

तुझं पत्र मी बैठकीत मोठ्यानं वाचलं. काठीच्या जागी सगळे हसले, फोल्कमार सगळ्यात जास्त हसला. मग तो हसायचा थांबला आणि त्यानं कागदाच्या कारखान्याचं बिल मागवलं. त्यानंतरचं बोलणं फार भराभर झालं. जे लिहून तयार आहे ते कपाटात जाणार. यंदा एकही नवं पुस्तक नाही. एसेनच्या जत्रेला आम्ही जुनाच माल मांडणार. पुढचं पुस्तक थेट पुढच्या वर्षाअखेर, एकच, जाडजूड, आणि नीट केलेलं.

मागे बसणाऱ्या त्या दोन भराभर लिहिणाऱ्या पोरांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. एकाकडे चेटकिणींचा दुसरा भाग पूर्ण तयार होता. मी त्याला म्हटलं, मुरू दे, लोणचं आहे. त्याला ते आवडलं नाही. मला फार आवडलं.

कित्येक वर्षांनी मी आज कचेरीतून उजेड असताना घरी आले. तू तुझ्या काठीला माझ्याकडून एक चुंबन दे. तुला द्यायचं धाडस नाही.

तुझी,
स्वान्त्ये


त्सेले, रविवार, २३ जून

चि. स्वान्त्ये,

तुझं पत्र मी हिनर्कला वाचून दाखवलं, आणि त्यानं घरून आणलेल्या दारूचा एक एक घोट आम्ही तुमच्या कपाटाच्या नावानं घेतला. आतली चेटूक मंडळी तिथेच कुजोत.

चळत गेली एकदाची. मे महिन्यात एका रविवारी बघतो तर फडताळ मोकळं. आल्मुटनं शहाणपणानं सगळं परत पाठवलं असणार. पण शहाणपण तिथेच संपलं. त्या जागी तिनं काय मांडावं? वासाच्या मेणबत्त्या. आणि मांजरीच्या पिल्लांची चित्रकोडी. चांगली बाई आहे, पण व्यापाराची अक्कल शून्य. मी एक चिठ्ठी लिहून ठेवली, की त्यापेक्षा चांगल्या लाकडी सोंगट्यांचे पट ठेवा. उत्तर नाही.

अलीकडे तिचं काहीतरी बिनसलंय. कॉफी म्हणजे कपात तोंड धुतल्याचं पाणी. बटरकेक तर बंदच झाला. गेल्या आठवड्यात ती माल लावायला म्हणून रविवारी आली होती, तेव्हा मी सहज म्हटलं, की केकवाचून खेळात मजा येत नाही. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्या आईला शिवी दिली. मग म्हणाली, जे आहे ते आहे. इम्के म्हणते, हिला काहीतरी त्रास आहे, विचारायला हवं. मी म्हटलं, विचारायचं नसतं, वय असतं एकेकाचं.

मालकिणीनं दार किलकिलं केलंय. अर्धंच. हिनर्क आनंदानं लाल झाला होता.

तुझा मामा


बोखुम, १६ सप्टेंबर

मामा,

परवा शनिवारी मी त्सेल्यात होते. तुझ्या घरावरून गेले. खिडकीत तू वर्तमानपत्राला काहीतरी सुनावत बसलेला दिसलास. मी बेल वाजवली नाही. तोंडावर बोलले असते तर जे बोलायचं नाही तेही बोलले असते, म्हणून लिहिते.

आमच्याकडे उन्हाळाभर दुकानांची तक्रारीची पत्रं येत होती. फोल्कमारनं ती माझ्या टेबलावर ठेवायचा नेम केला होता, न बोलता. गेल्या आठवड्यात त्यात आल्मुट ग्रोटेचं आलं. चार ओळी. वर्षाअखेर दुकान बंद करत आहे, हिशेब मिटवून टाकावा, कळावे.

तिला भेटायला गेले. मी तुझी भाची हे ऐकून तिनं आधी मला दुकानाबाहेरच काढलं. मग परत आत बोलावून सगळं सांगितलं. दर महिन्याला नवं पुस्तक आलं की शनिवारी पोरं यायची. शाळेतली, कामावर लागलेली, शेजारच्या गावांतून सायकली मारत. पुस्तक घ्यायची, मग दोन फासे, सोंगट्या रंगवायच्या रंगाची एक बाटली, लिंबू सरबत, आणि तास तास उभी राहून भांडायची. दुपारपर्यंत चळत संपायची. दुकान बंद करताना ती मागच्या खणातून नव्या प्रती काढून चळत पहिल्यासारखी उंच रचायची, सोमवारी फडताळ भकास दिसू नये म्हणून.

शनिवारी संध्याकाळी रचलेली चळत तू रविवारी दुपारी मोजायचास, मामा. दर आठवड्याला. काठी लावून.

रविवारी आपल्या देशात दुकानात पुस्तक विकणं कायद्यानं बंद आहे. तूच लिहिलं होतंस, शटर खाली, गल्ली शांत. बंद दुकानात बसून तू निकाल दिलास की गिऱ्हाईक येत नाही. लॅटिन येतं म्हणे तुला.

आणि मेमध्ये तिनं काही परत पाठवलेलं नाही. सगळं विकलं गेलं होतं. नवीन यायचं थांबलं तशी पोरं यायची थांबली. मेणबत्त्या तिनं हौसेनं ठेवल्या नाहीत. केक शनिवारच्या पोरांसाठी आणलेला असायचा, उरलेला तुम्हाला ठेवायची. पोरं नाहीत तर केक कुठला? ज्या पुस्तकांवर तू थुंकलास त्यांनीच तुझी खोली चालवली. त्या खोलीचं भाडं तिनं तुझ्याकडे कधी मागितलं नाही आणि वीस वर्षांत तू तिच्याकडून एक पेन्सिल घेतलीस. हे तिनं नाही, तिच्या मदतनीस बाईनं सांगितलं.

आल्मुट एवढंच म्हणाली, "मी त्या म्हाताऱ्यांना बसू द्यायचे, कारण त्यांच्याकडे बघून वाटायचं, ही शनिवारची पोरंही एक दिवस अशीच इथे म्हातारी होतील. आता पोरंच नाहीत, तर म्हातारे ठेवून काय करू?"

डिसेंबरनंतर खोली नाही. तुला जे एकच हवं होतं तेच आपण दोघांनी मिळून बुडवलं. तुझा मला राग आलाय आणि माझी मला किळस आली आहे.

स्वान्त्ये


त्सेले, रविवार, ६ ऑक्टोबर

चि. स्वान्त्ये,

पत्रातला सूर तुझ्या आईचा आहे. तिलाही बरोबर असताना गप्प बसता येत नसे.

एक गोष्ट आधी. तूही याच देशात जन्मलीस. माझ्या प्रत्येक पत्रावर रविवार असं लिहिलेलं होतं, आत रविवार, बाहेर रविवार. संपादक म्हणवतेस ना? इतकी ठळक चूक तुझ्या नजरेतून सुटली, आणि वर ती तू बैठकीत वाचून दाखवलीस. तेव्हा लॅटिनचं नाव काढू नकोस.

काल शनिवारी मी दुकानात गेलो. पुढच्या दारानं जायची माझी ही पहिलीच वेळ. दाराला घंटा आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी मेणबत्त्यांच्या मांडणीआड उभा राहिलो आणि लव्हेंडरचा इतका वास घेतला की अजून डोकं दुखतंय.

चष्मा लावलेली एक मुलगी आली, हातात सायकलचं हेल्मेट. आल्मुटला म्हणाली, "नवीन काही?" आल्मुटनं मान हलवली. मुलीनं फाशांच्या वाडग्यात उगाच बोटं फिरवली आणि गेली. मग धुराडी साफ करायचं काम शिकणारा एक जण आला, काळ्या कपड्यांत, तोंडाला काजळी. तेच विचारलं, तसाच गेला. आणखी एक जण दारातूनच विचारून परत फिरला. मी जोपर्यंत उभा होतो तोपर्यंत गल्ल्याजवळ कोणी थांबलं नाही. आल्मुट दर वेळी घंटा वाजली की मान वर करायची आणि पुन्हा खाली घालायची.

मग तिला मी दिसलो. ती म्हणाली, "एकेहार्ट, आज रविवार नाही."

मी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि मांजरीच्या पिल्लांचं एक कोडं विकत घेऊन घरी आलो. ते आता स्वयंपाकघरात टेबलावर पडलंय आणि त्यातलं एक पिल्लू माझ्याकडे बघतं.

आज मागच्या खोलीत आम्ही बसलो, पण खेळ झाला नाही. हिनर्कनं विचारलं, आता पुढे कुठे बसायचं. त्याच्या घरी सून आहे, तिला फाशांचा आवाज सहन होत नाही. इम्केच्या घरी नवरा खरोखरच झोपतो. माझ्या घरी तुझ्या मामीची खुर्ची आहे आणि तिथे मला चार माणसं बघवणार नाहीत. ही खोली गेली तर आम्ही चौघं रस्त्यात भेटून हवापाण्यावर बोलणारी माणसं होऊ. मला भीती वाटतेय.

म्हणून आता नीट वाच. ते कपाट उघड. चेटकिणी काढ, त्यांचा दुसरा भाग काढ, जोगिणी काढ, वाळवंटातल्या, समुद्रातल्या, जिथे जिथे म्हणून जोगीण बसू शकते तिथल्या काढ. दर महिन्याला काढ. मला ती आजही भिकारच वाटतात, त्यात काडीचा बदल नाही. पण काढ.

तुझा मामा


बोखुम, ३० ऑक्टोबर

ति. मामा,

तीन वर्षांनी एक मागणारा माणूस दर महिन्याला एक मागतो हे वाचून मी दाराला कडी लावून हसले. मग थोडी रडले.

जत्रा झाली. चारही दिवस मी जुन्या पुस्तकांमागे उभी होते. माणसं यायची, "यंदा नवीन काय?" विचारायची, आणि मी बशीतली चॉकलेटं पुढे करायचे. समोरच्या प्रकाशनाकडे कसलं तरी तकलादू खेकड्यांचं पुस्तक होतं आणि रांग आमच्या टेबलाला वळसा घालून गेली होती. शेवटच्या दिवशी फोल्कमार ती रांग बघत उभा राहिला. मला वाटलं, आता मला काढतो. तो म्हणाला, "तुझ्या मामाची काठी घे आणि ही रांग मोज." मग त्यानं छापखान्याला फोन लावला.

चेटकिणींचा दुसरा भाग नोव्हेंबरअखेर दुकानात येईल. ज्या पोराला मी लोणचं म्हटलं होतं त्याची माफी मागावी लागली. त्यानं माफ केलं नाही, वर पुस्तकात एक नवी चेटकीण घातली आहे, चष्मेवाली, हाताखालच्या लोकांना छळणारी. मी ती तशीच ठेवली.

मग आल्मुटला फोन केला. तिनं आधी मला, मग तुला, मग एकंदर वाचणाऱ्या लोकांना मनसोक्त झोडपलं. शेवटी म्हणाली, मार्चपर्यंत दुकान उघडं ठेवून बघते. पण पोरांची सवय मोडली आहे, नुसती पुस्तकं मांडून ती परत येणार नाहीत. कोणीतरी खेळून दाखवायला हवं. तिची अट अशी, की रविवारची खोली हवी असेल तर तू शनिवारी दुकानात, उघड्या वेळात, सगळ्यांसमोर सूत्रधार म्हणून बसायचं. नव्या पुस्तकातून. चेटकिणींपासून सुरुवात. मी विचारलं, त्यानं तोंड वाकडं केलं तर? ती म्हणाली, "तोंड त्याचं तसंच आहे, ते मी धरलंय."

किती पुस्तकं काढावीत, हे मला खरंच अजून कळलेलं नाही. मघाशी बारा म्हणाले असते, उद्या तीन म्हणेन. पण निदान यापुढे मी बंद दुकानात बसून ठरवणार नाही.

पोरांना विहिरीत बुडवू नकोस.

तुझी,
स्वान्त्ये


त्सेले, शनिवार, २१ डिसेंबर

चि. स्वान्त्ये,

हे पत्र शनिवारी लिहितोय हे ध्यानात आलं असेलच. आता माझा रविवारवर विश्वास नाही.

चेटकिणींचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा वाईट आहे. त्या चष्मेवालीचं चित्र तुझ्यावर बेतलंय हे बाजारातल्या गाजरवालीलाही कळेल. दलदलीतून बाहेर पडायचा रस्ता नकाशात दाखवायचाच राहिलाय, त्यामुळे सगळ्यांनी आत जाऊन मरावं अशीच लेखकाची इच्छा दिसते. आणि एवढं सगळं मी त्या दुकानात, खिडकीजवळच्या टेबलावर, रस्त्यानं जाणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या देखत मोठ्यानं वाचून दाखवलं. एकानं काचेतून हात केला. मी ओळख दिली नाही.

पहिल्या शनिवारी दोघंच होती. ती हेल्मेटवाली, फीना तिचं नाव, आणि तो धुराडीवाला तारेक. आज टेबल पुरलं नाही, दोघं जण मेणबत्त्यांच्या खोक्यावर बसली. फीनाचं पात्र पहिल्याच तासात मेलं. मी बुडवलं नाही, तिनं स्वतःहून उडी मारली, आत काय आहे ते बघायला. मला वाटलं आता रडेल. ती खदखदून हसली आणि लगेच दुसरं पात्र लिहायला बसली. मी एका जुन्या दाराचं वर्णन करत होतो, कोरीव काम, गंजलेली कडी, रंगात आलो होतो, तर तारेक म्हणाला, "आजोबा, आम्ही ते दार मोडतो." आजोबा म्हणे. मी विचारलं, अरे, कडी काढून बघाल का? एकमतानं मोडलं.

आल्मुट गल्ल्यावर बसून ऐकत होती. दुपारी बटरकेक आला. पोरांनी फस्त केला, पण दोन तुकडे तिनं कागदाखाली झाकून बाजूला ठेवलेले मला दिसले. उद्या आमच्यासाठी असणार. तिला तसं बोलायची सोय नाही, ती म्हणेल की उरले. मार्चचं ती अजून मार्चच म्हणते. चळत मात्र आज दुपारी माझ्या डोळ्यांदेखत संपली. शेवटची प्रत एका मुलाच्या आईनं घेतली आणि मला विचारलं, हे लहान मुलांना चांगलं आहे का. मी लॅटिनचा शिक्षक होतो असं तिला सांगितलं. ते पुरेसं वाटलं तिला.

कावळेघाटात गेल्या रविवारी मालकिणीनं हिनर्कला आत घेतलं. सूप दिलं. चार वर्षांनी. तो घरी जाताना रस्त्यात थांबून डोळे पुसत होता, वारा लागला म्हणाला. मी हे आज पोरांना सांगितलं, म्हणजे त्यांना जरा चव कळावी. त्यांनी सभ्यपणे ऐकून घेतलं, आणि फीनानं विचारलं, मग सुपानंतर काय झालं? मी म्हटलं, काही नाही, सूप प्यायला. ती सगळी माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागली जशी माणसं दवाखान्यात बघतात.

आता खरी अडचण ऐक. ज्या पुस्तकावर मी सहा वर्षं काढली असती ते या कार्ट्यांनी चार शनिवारांत संपवलं. दलदल संपली, चेटकिणी संपल्या, तुझी चष्मेवाली तर फीनानं ओढून तिच्याच कढईत टाकली. शेवटचा फासा पडला, त्यांनी आरडाओरडा केला, जॅकेटं चढवली, आणि मग सगळी एकदम माझ्याकडे वळली आणि विचारलं, "नवीन काही?"

आल्मुटनं गल्ल्यावरून मान वर केली. मी म्हटलं, येतंय. कधी, विचारलं. म्हटलं, लवकरच. ती पोरं नाताळानंतर पहिल्याच शनिवारी दारात उभी राहणार आहेत आणि रिकाम्या हातानं त्यांच्यासमोर बसायची माझी हिंमत नाही.

कधी येतंय पुढचं? उलट टपाली कळव. म्यानांवर असलं तरी चालेल.

तुझा मामा,
एकेहार्ट